कावळ्याचं घरटं की मुंग्यांची अंडी?

रोहिण्या लागल्या की पावसाच्या अंदाजावरून शिवारात दोन तट पडतात. एक झाडाकडं मान वर करून बघणारा, दुसरा बांधावर खाली वाकणारा.

कावळ्याचं घरटं म्हणे अख्खा हंगाम सांगतं: आंब्या-करंजावर असलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर असलं तर ओढ. ऐकायला झकास. पण आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला पाऊस धो धो कोसळतो आणि शिरोळला त्या मानानं अगदीच कमी. कावळे मात्र दोन्हीकडं मिळेल त्या झाडावर संसार मांडतात. त्यांच्या भरवशावर पेरणी ठरवायचं धाडस माझं तरी होत नाही.

मुंग्या अंडी तोंडात धरून उंचावर निघाल्या, की गोष्ट वेगळी. वारुळातला ओलावा बदलला की त्या पिलावळ हलवतात, म्हणजे खुणेमागं काहीतरी कारण आहे. वैरण झाकायला, शेणी आत घ्यायला तेवढा इशारा पुरतो. वळवाच्या दिवसांत मी मुंग्यांचंच ऐकतो.

पुराचं मात्र दोघांनाही विचारू नये. पाऊस घाटमाथ्यावर, पाणी पंचगंगेला; तिथं राजाराम बंधाऱ्यावरची पातळीच बघायची. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका.