फर्टिलिटी बेनिफिट: विमा, सायकलचं पॅकेज, व्याख्यान की रजा?

कर्मचाऱ्यांना फर्टिलिटी बेनिफिट, म्हणजे मूल होण्याच्या उपचारांसाठी कंपनीकडून मदत, द्यायचं ठरलं की एचआरकडे तीन प्रस्ताव येतात. विमावाले म्हणतात, आहे त्याच पॉलिसीत ठरावीक रकमेचं कव्हर वाढवून घ्या. फर्टिलिटी प्लॅटफॉर्मवाले (कंपनी आणि क्लिनिक यांच्यातले मध्यस्थ) सायकलच्या हिशोबाने पॅकेज देतात. सायकल म्हणजे आयव्हीएफची, शरीराबाहेर लॅबमध्ये गर्भधारणा करण्याच्या उपचाराची, एक पूर्ण खेप. क्लिनिकवाले फुकटात व्याख्यान द्यायला तयारच असतात. चौथी गोष्ट म्हणजे रजा आणि वेळेची सवलत. ती विकणारं कुणी नसतं, म्हणून ती प्रस्तावात दिसत नाही. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, आधी बेनिफिट ठरवणारी म्हणून आणि नंतर वापरणारी म्हणून. माझा क्रम त्यामुळे उलटा आहे.

आधी गरजेचं बोलू, कारण ‘आपल्याकडे असे किती जण असणार?’ हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली दिलेला अंदाज असा, की आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागणारे लोक साधारण 6 पैकी 1 असतात. आपल्याकडे कुणी दिसत नाही, कारण कुणी सांगत नाही.

ठरावीक रक्कम की सायकल?

ठरावीक रक्कम अकाउंट्सला आवडते. वर्षाचा आकडा आधीच कळतो. पण आयव्हीएफ हे एका बिलाचं काम नाही. 8 ते 14 दिवस इंजेक्शनं, मधे चार-पाच सोनोग्राफी आणि रक्त तपासण्या, मग भूल देऊन स्त्रीबीजं काढणं, लॅबमध्ये भ्रूण वाढवणं, एक गर्भाशयात सोडणं, उरलेली गोठवणं. पहिल्या वेळी नाही जमलं तर गोठवलेल्या भ्रूणाची पुढची खेप. रक्कम बहुतेक वेळा यातल्या मधल्याच कुठल्यातरी टप्प्यावर संपते. मग जोडपं डॉक्टरांना म्हणतं, ‘एकदमच दोन सोडा, पुन्हा यायला नको.’ जुळ्यांच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बाळांचा धोका वाढतो, आणि त्या प्रसूतीचं बिल पुन्हा तुमच्याच ग्रुप पॉलिसीवर येतं. हा नुसता माझा तर्क नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2002 साली अमेरिकेतल्या राज्यांची तुलना छापून आली होती. जिथे आयव्हीएफचं पूर्ण कव्हर कायद्याने सक्तीचं होतं, तिथे एका वेळी कमी भ्रूणं सोडली जात होती आणि तिळ्यांसारखी गर्भधारणाही कमी होत होती.

म्हणून उपचारासाठीच पैसा ठेवायचा असेल तर माझं मत सायकलच्या पॅकेजला. अमेरिकेतल्या प्रोजिनीसारख्या कंपन्या डॉलरच्या मर्यादेऐवजी सायकल हेच एकक धरतात, त्यामुळे उपचार अर्ध्यावर लटकत नाही. फक्त करार करताना एक प्रश्न स्पष्ट विचारा: औषधं धरून की सोडून? इंजेक्शनांचा खर्च इतका असतो की ती सोडली तर पॅकेज निम्मं पोकळ.

रकमेचा एक फायदा मात्र खरा आहे. माणसं वेगवेगळ्या गावांत, घरून काम करणारी असतील, तर पॅकेजच्या नेटवर्कमधलं क्लिनिक जवळ असेलच असं नाही. ज्याला मूल दत्तक घ्यायचं आहे, त्याला सायकलचा काय उपयोग? अशा वेळी रक्कम बरी. पण ‘आधी भरा, मग मागा’ या पद्धतीची नको. ज्याच्या खात्यात आधीच शिल्लक आहे तोच असा बेनिफिट वापरतो, आणि वर्षअखेरीला रिपोर्ट सांगतो की कनिष्ठ कर्मचाऱ्यांकडून ‘मागणी कमी आहे’.

पात्रतेचं कलमही बारीक वाचा. ‘12 महिने प्रयत्न करूनही गर्भधारणा नाही’ अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते. वैद्यकीय रिवाजानुसार पस्तिशीनंतर 6 महिन्यांतच तपासणी सुरू करतात, आणि एकट्या बाईला किंवा समलिंगी जोडप्याला ही अट पुरी करताच येत नाही.

स्त्रीबीजं गोठवण्याचं काय? 2014 मध्ये फेसबुक आणि ॲपलने हा खर्च उचलायचं ठरवलं तेव्हापासून हा मुद्दा गाजतो आहे. कॅन्सरच्या उपचारांआधी बीजं किंवा शुक्राणू गोठवण्याचा खर्च द्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण बाळंतपणानंतरची रजा तोकडी आणि बीजं गोठवायला मात्र पैसे, असं असेल तर लोक त्याचा एकच अर्थ काढतात, की मूल लांबणीवर टाका, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

रजा

माझी शेवटची सोनोग्राफी सोमवारी दुपारी झाली. डॉक्टर म्हणाल्या, आज रात्री साडेअकराला ट्रिगरचं, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, बुधवारी सकाळी साडेअकराला बीजं काढायची प्रक्रिया. हे अंतर साधारण 36 तासांचं असतं आणि ते कुणाच्या कॅलेंडरप्रमाणे हलत नाही. आमच्याकडे पूर्वनियोजित रजेसाठी तीन कामाचे दिवस आधी अर्ज लागायचा. तो नियम मीच लिहिला होता. मी पोट बिघडल्याचं कळवून मोकळी झाले.

त्याआधीचे दहा दिवस पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये, सगळ्यांच्या डब्यांमागे, माझ्या इंजेक्शनांची, आइसपॅक घातलेली निळी पिशवी होती. कुणी उघडून बघू नये म्हणून वर मार्करने ‘इन्सुलिन’ लिहिलं होतं. आमचं कव्हर त्या वर्षी बरं होतं, पैशाची ओढाताण झाली नाही. ओढाताण झाली ती सकाळी आठच्या सोनोग्राफीची आणि साडेनऊच्या मीटिंगची.

रजेला फार दिवसही लागत नाहीत. सूचना न देता घेता येतील असे काही दिवस, सोनोग्राफीसाठी तासांच्या हिशोबाने सूट, जोडीदारालाही तेवढंच, आणि गर्भपात झाला तर वेगळी रजा. तुलनेत हा सगळ्यात स्वस्त पर्याय आहे, आणि उरलेल्या तिन्हींचा उपयोग याच्यावरच अवलंबून आहे.

व्याख्यान

फुकटचं व्याख्यान सहसा महागात पडतं. क्लिनिक सोबत एएमएच या हार्मोनच्या रक्त तपासणीचं शिबिर घेऊन येतं. एएमएच अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती आहे ते सांगतो, आणि आयव्हीएफच्या औषधांना प्रतिसाद कसा मिळेल याचा अंदाज घ्यायला तो उपयोगी आहे. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यावरून ठरत नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या बायकांचा अभ्यास 2017 मध्ये जामा या नियतकालिकात आला, त्यात कमी एएमएच असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण कमी आढळलं नव्हतं. शिबिरात हे कोण सांगणार? आकडा कमी आला की पुढची अपॉइंटमेंट तिथेच.

उपचार विकत नसलेल्या डॉक्टरांना पैसे देऊन बोलवा आणि पुरुषांना खास आमंत्रण द्या. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी तपासणी असूनही पुष्कळदा शेवटी होते. आमच्या एका सत्रात जिमला जाणाऱ्या मुलाने विचारलं, टेस्टोस्टेरॉन घेतल्याने शुक्राणू वाढतात ना? बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूनिर्मिती उलट दाबतं, कधी अगदी शून्यावर आणतं. हे ऐकून खोलीत जी शांतता पसरली, तिथेच त्या सत्राची फी वसूल झाली. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे सवय बदलली तरी रिपोर्टमध्ये फरक दिसायला तीनेक महिने जातात, हेही बहुतेकांना तिथेच कळलं.

गुप्तता

पन्नास-साठ जणांच्या कंपनीत तिमाही रिपोर्टमध्ये ‘फर्टिलिटी दावे: 1’ असं आलं, तर नाव लिहायची गरज उरत नाही. विमा असो वा प्लॅटफॉर्म, ठरावीक संख्येखालचे आकडे आम्हाला दाखवू नका, हे करारातच घालून घ्या.

मग घ्यायचं काय?

बजेट शून्य असेल तर रजेचे नियम बदला. थोडं असेल तर त्यात वर्षातून दोन सत्रं आणि गुप्तपणे विचारता येईल असा सल्लागार. त्याहून जास्त असेल तेव्हा एक पूर्ण सायकल, औषधांसकट. तीन अपुऱ्या सायकलींपेक्षा एक पुरी बरी.

रजेच्या पोर्टलवर मात्र ‘आयव्हीएफ रजा’ असा पर्याय टाकू नका. मंजुरीचा ईमेल टीम लीडला जातो, आणि विषयाच्या ओळीत रजेचा प्रकार छापून येतो. ‘वैद्यकीय प्रक्रिया’ एवढं पुरे.