शासकीय विश्रामगृह: जुन्या खोलीतील एक रात्र, नव्या खोलीतील दुसरी

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी शासकीय विश्रामगृहात मे महिन्यात दोन रात्री मुक्काम केला. सरकारी कामासाठी आलेल्यांना येथे प्राधान्य असते आणि खोली मोकळी असेल तरच इतरांना मिळते, त्यामुळे पहिली रात्र जुन्या इमारतीत आणि दुसरी आवारातल्याच नव्या इमारतीत काढावी लागली.

जुनी इमारत १९०६ पूर्वीची, म्हणजे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होण्याआधी खानदेश हा एकच जिल्हा होता त्या काळातली, असे तेथील खानसामा सांगतात. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, उंच आढे, मंगलोरी कौले आणि चहूबाजूंनी ओसरी असल्यामुळे भर दुपारच्या उन्हातही नुसत्या पंख्यावर भागले. कौल फुटले तर तेवढेच बदलता येते, हा या बांधणीचा मोठा गुण आहे. एका भिंतीची दर्ज, म्हणजे दगडांमधली फट, मात्र चुन्याऐवजी सिमेंटने भरली आहे आणि त्यामुळे ओल आतच कोंडून तिथला दगड पापुद्रे टाकू लागला आहे. दुरुस्ती करणाऱ्याला जुन्या बांधकामाची जाण असावी लागते.

नवी इमारत पंधरा वर्षांची. न्हाणीघराच्या छताचा गिलावा सुटून सळया उघड्या पडल्या आहेत. सकाळी गच्चीवर गेलो तेव्हा कारण दिसले: पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी पाने आणि माती साचली होती आणि कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप वाढले होते. पाणी तुंबते, कोब्यातून, म्हणजे गच्चीवरच्या पाणीरोधक थरातून, झिरपते, सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीट फोडते. पावसाळ्यापूर्वी एका मजुराने अर्धा दिवस दिला असता तर हे टळले असते. आता तिथे बरीच मोठी रक्कम लागेल.

माझा आक्षेप इमारतीवर नसून तिच्या सांभाळावर आहे. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बांधकामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की गच्ची कोणी पाहायची, हे ठरलेले दिसत नाही. प्रत्येक शासकीय इमारतीची स्वतंत्र नोंदवही हवी, ज्यात कोबा कधी घातला, वायरिंग कधी बदलली आणि पुढची तपासणी कधी आहे हे लिहिलेले असेल. महानगरपालिकांच्या हद्दीत ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे; तालुक्याच्या गावातील सरकारी वास्तूंनाही तीच शिस्त लागू व्हावी, कारण हा पैसा आपल्या सर्वांचा आहे.

चादरी स्वच्छ होत्या, पाणी पुरेसे होते. खानसाम्यांनी केलेली शेवभाजी आणि कळण्याची भाकरी उत्तम. खोली मागताना जुन्या इमारतीतलीच मागावी. अभिप्रायवहीत मी नळाचे आणि पिंपळाचे लिहिले. निघताना पाहिले तर खानसामा स्वतःच शिडी लावून गच्चीवर चढले होते.