चार चाकांचा बैठकीचा वॉकर: गुडघ्यांना दिलासा, बोटांना जाच

दोन्ही गुडघे झिजले तेव्हा माझं चालणं दुखण्यापेक्षा धास्तीनं जास्त कमी झालं. मध्येच पाय भरून आले तर टेकायचं कुठे? कठडा, बाक, भिंत हेरत चालायचं, मग तेही नको म्हणून कामं दुसऱ्यांवर टाकायची. या वॉकरला बसायला पट्टी आहे. कुठेही थांबावं, दोन्ही ब्रेक खाली दाबून लॉक करावेत, बसावं. आता माझ्या औषधांना मी स्वतः जाते. पाचपैकी चार तारे या पट्टीचे!

मुठींची उंची नीट लावून घ्या. हात सैल सोडून उभं राहिलं की मनगटाच्या घडीपाशी मूठ यायला हवी. त्याखाली गेली तर पोक काढून चालावं लागतं नि पाठ धरते.

एक तारा कापला तो ब्रेकसाठी. फार कडक आहेत. गुडघे गेलेल्यांच्या बोटांचे सांधेही पुष्कळदा धरलेले असतात, हे बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यायलाच हवं. गिऱ्हाइकं थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना सांध्यांच्या झिजेचा हा आजार होता, त्यातल्या ३६.५ कोटींना गुडघ्यांचा.

पायऱ्यांवर मात्र हा वॉकर निरुपयोगी. जनगणनेत अपंगत्व मोजायला वॉशिंग्टन ग्रुप या संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालच्या आंतरराष्ट्रीय गटानं सहा प्रश्न तयार केले आहेत. त्यात दिसण्याबद्दल विचारताना ‘चष्मा लावूनही’ आणि ऐकण्याबद्दल ‘श्रवणयंत्र लावूनही’ असं म्हटलंय. चालण्याच्या प्रश्नात साधनाचं नाव नाही, शिवाय चालणं आणि पायऱ्या चढणं एकाच प्रश्नात. मी काय सांगू? वॉकर घेऊन सपाटीवर ‘थोडी अडचण’, जिन्यापाशी ‘अजिबात जमत नाही’. खूण एकाच उत्तरावर करायची, आणि माझा अख्खा दिवस या दोन उत्तरांच्या मधे जातो. हे दोन प्रश्न वेगळे विचारले जावेत असं मला मनापासून वाटतं.

ज्यांचा तोल जातो, ज्यांना सगळा भार हातांवर टाकावा लागतो, त्यांनी हा घेऊ नये. चाकं पुढे पळतात. त्यांना बिनचाकी वॉकरच बरा. बसलेल्या माणसाला यावरून ढकलत नेऊ नये, हेही घरातल्यांना बजावून ठेवा. बाकीच्यांनी घेताना पुढची चाकं मोठी बघावीत, नाहीतर उंबरठ्यावर अडतात. आणि ब्रेक स्वतःच्या हातानं दाबून पाहावेत, तेही सकाळी, बोटं आखडलेली असताना.