‘फारअवे ट्री’चा संच: दिवाळीपासून रोज रात्री वाचल्यानंतर

एनिड ब्लायटनच्या ‘फारअवे ट्री’चा तीन पुस्तकांचा संच दिवाळीच्या सुट्टीत घेतला. तेव्हापासून झोपायच्या आधी एक प्रकरण, हट्ट झाला तर दोन, असा नेम आहे. मुलगी सात वर्षांची. तिला स्वतः वाचता येतं, पण हे तिला ऐकायचंच असतं. आता दुसरी फेरी चालू आहे.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: शहरातून खेड्यात राहायला आलेली तीन भावंडं, घराजवळचं जंगल आणि त्यात थेट ढगांत घुसलेलं अवाढव्य झाड. शेंड्यापाशी ढगाला भोक, भोकातून शिडी, शिडीच्या वर एखादा देश. तो काही काळ तिथे थांबतो, मग सरकतो आणि दुसरा येतो. वेळेत खाली उतरलं नाही तर अडकलात. कधी सगळं उलटंपालटं आणि माणसं हातांवर चालणारी, तर कधी हवं ते फुकट उचलून न्यायची मुभा. पण आमच्याकडे वर काय आलंय याची फारशी चौकशी होत नाही. प्रश्न एकच, ‘बाबा, शिडी आहे ना अजून?’

माझ्या मते खरी मजा वरच्या देशांत नाहीच, खोडातल्या बिऱ्हाडांत आहे. झाड म्हणजे उभी चाळच. डेम वॉशअलॉट दिवसभर धुणं धुते आणि मळकं पाणी खाली न बघता ओतते. अँग्री पिक्सीच्या खिडकीत कुणी डोकावलं की हाताला येईल ते अंगावर. (आमच्या सोसायटीत हे दोन्ही नमुने आहेत.) सगळ्यात वर मूनफेसची गोल खोली. तिच्या मधोमध घसरगुंडीचं तोंड, आणि ती खोडाच्या आतून गरगरत थेट बुंध्यापर्यंत. उशीवर बसायचं आणि सुटायचं. मग उशा परत वर कशा जातात? मुलीने विचारलंच. उत्तर पुस्तकातच आहे: खाली खार त्या गोळा करते, मूनफेस दोरी सोडून वर ओढून घेतो. जादूच्या जगातही हिशेब चोख लागतो, म्हणून मुलांचा विश्वास बसतो. तोंडात फुगत फुगत जाऊन फट्‌कन नाहीशा होणाऱ्या टॉफी तर आमच्याकडे शेंगदाण्याच्या चिक्कीवर निभावल्या जातात.

आता तक्रारी. दुसऱ्या पुस्तकाची पानं महिन्याभरात सुटली. विक्रेत्याने बदलून दिलं नाही, म्हणून रद्दीच्या दुकानातून जुनी प्रत आणली आणि घरात वाद पेटला. नव्या आवृत्तीतल्या बेथ आणि फ्रॅनी या बहिणी इथे बेसी आणि फॅनी निघाल्या, चुलतभाऊ रिकचा डिक झाला. वरच्या एका देशात शाळा चालवणारी, नुसती रागावणारी डेम स्नॅप जुन्या प्रतीत डेम स्लॅप आहे आणि मुलांना सरळ मारते. ‘ही दुसरी बाई आहे का?’ कन्येला नवीच बरी वाटते. मला जुनी पटते; डेम स्लॅपच्या शाळेतून पळून जायला काही कारण तरी आहे.

अंगभर पातेली लटकवून फिरणाऱ्या, झाडावरच्या सॉसपॅन मॅनचं चुकीचं ऐकणं पहिल्या पाचसहा वेळा हसवतं, पुढे वाचणाऱ्याचा जीव जातो. ऐकणारी मात्र अजून खिदळते.

पहिलं पुस्तक 1939 चं, दुसरं 1943 चं; ही दोन्ही अजून ताजी आहेत. 1946 चं तिसरं उतरलेलं वाटतं. लाडावलेल्या, नाक खुपसणाऱ्या कॉनीला वठणीवर आणण्यातच त्याचा बराच भाग जातो आणि झाड मागे पडतं. दुसऱ्या फेरीत ते वगळायचं मुलीनेच ठरवलं.

त्यामुळे सगळा संच एकदम घेऊ नका. पहिलं सुटं घ्या, जाड पुठ्ठ्याचं मिळालं तर उत्तम. आवडलं तर दुसरं त्याच आवृत्तीतलं बघून घ्या. तिसरं लायब्ररीतून आणलंत तरी चालेल.