होंडा के२०ए: सेकंडहँड इंजिन तपासताना आणि रोजच्या गाडीत बसवताना

'के२०ए, टाइप आर, कमी चाललेलं' अशी जाहिरात दिसली की आधी 'टाइप आर' (होंडाच्या जोरकस, स्पोर्टी आवृत्त्यांचं नाव) याच शब्दांवर शंका घ्यावी. जपानी बाजारातल्या गाड्यांमध्ये के२०ए हाच शिक्का वेगवेगळ्या ताकदीच्या इंजिनांवर आहे. डीसी५ पिढीच्या इंटेग्रा टाइप आर आणि अकॉर्ड युरो आरमधलं २२० पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) इंजिन के२०ए. आणि साध्या इंटेग्रातलं, स्टेपवॅगनमधलं १६० पीएसचं इंजिनही के२०एच. ब्लॉकवरचा नंबर वाचून यातलं कुठलं समोर आहे ते कळत नाही. लाल हेड कव्हरवरून तर अजिबात नाही, ते कुठल्याही के मालिकेच्या इंजिनावर अर्ध्या तासात चढतं.

खरी ओळख कव्हरच्या खाली आहे. अस्सल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही कॅमशाफ्टवर तीन-तीन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) असतात, मधला सर्वांत उंच. १६० पीएसच्या इंजिनात व्हीटेक (आरपीएमनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा) फक्त इनटेकला आहे आणि तोही इंधन वाचवण्यासाठी: कमी आरपीएमला दोनपैकी एक इनटेक व्हॉल्व्ह जेमतेम उघडतो. त्याच्या एक्झॉस्ट कॅमवर उंच मधला लोब सापडणार नाही. त्यामुळे विक्रेता कव्हर उघडू देत नसेल तर १६० पीएसचा भाव सांगावा, नाहीतर दुसरं इंजिन बघावं.

कव्हर उघडलंच आहे तर तिथेच सगळ्यात महत्त्वाची तपासणी करून घ्या. या इंजिनांचा ओळखीचा आजार म्हणजे एक्झॉस्ट कॅमची झीज. निरोगी लोब आरशासारखा चकचकीत दिसतो. खराब लोबवर मंद, खरखरीत पट्टा किंवा बारीक खड्डे असतात आणि नख फिरवलं तर अडकतं. कारण बहुतेक वेळा एकच: तेल कमी पातळीवर किंवा फार जुनं झालेलं असताना इंजिन रेड लाइनपर्यंत ओढलेलं. मोबाइलच्या टॉर्चने आठही व्हॉल्व्हच्या बाजूचे लोब बघा, त्यासाठी क्रँक फिरवावा लागेल. पुलीच्या बोल्टला १९ मिमीचा सॉकेट लावा आणि घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवलं तर चेन टेन्शनरवर नको तो ताण येतो. लोब खराब असेल तर नुसता कॅम बदलून भागत नाही, त्याच्यावर घासणारे रॉकरही (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) बदलावे लागतात. ही रक्कम थेट मागणीच्या भावातून वजा करा.

पुढची तपासणी स्वस्त आहे, पण फारच कमी लोक ती करतात. हेडच्या बाजूला असलेला व्हीटेक सोलेनॉइड काढला की त्याच्या गास्केटमध्ये बारीक जाळी दिसते. तेलातून फिरणारा कचरा इथे येऊन अडकतो. काळा चिकट गाळ दिसला तर तेलबदल टाळले गेलेत. चमकदार धातूचे कण दिसले तर बेअरिंग किंवा कॅम झिजतोय, आणि मग सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ आहे. जाळी तुंबली की व्हीटेक लागत नाही किंवा उशिरा लागतो. गाडीत चालू असलेलं इंजिन बघायला मिळालं तर सुमारे ६००० आरपीएमला आवाज आणि ओढ दोन्ही स्पष्ट बदलायला हवेत. इंजिन गरम झाल्यावर हे करा, थंड असताना ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) व्हीटेक लागूच देत नाही.

कॉम्प्रेशनचे आकडे विक्रेत्यांना तोंडपाठ असतात, म्हणून ते कसे काढले हेही विचारा. चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टर बंद, बॅटरी पूर्ण चार्ज. होंडाची किमान मर्यादा ९३० किलोपास्कल, म्हणजे सुमारे १३५ पीएसआय, आणि सिलिंडरांमधला फरक २०० किलोपास्कलपर्यंत चालतो. पण ही मर्यादा रिपेअर कधी करायचं ते सांगते, विकत काय घ्यायचं ते नाही. ११.५:१ कॉम्प्रेशनच्या निरोगी इंजिनाने २०० पीएसआयच्या पुढे जायला हवं. एका सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

जमिनीवर ठेवलेल्या सुट्या इंजिनाची अडचण वेगळी. स्टार्टरची बैठक गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागात असते, त्यामुळे गिअरबॉक्स जोडलेला नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट होत नाही. अशा वेळी लीकडाउन टेस्ट करा: पिस्टन वरच्या टोकाला आणा, क्रँक धरून ठेवा, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडा. १० टक्क्यांपर्यंत गळती उत्तम, २० टक्क्यांच्या वर गेली की इंजिन उघडावं लागणार असंच धरा. हवा कुठून फुसफुसते ते ऐका. डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंग, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट पोर्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. पाण्याच्या वाटेतून बुडबुडे आले तर हेड गास्केट, किंवा त्याहून वाईट म्हणजे तडकलेलं हेड. खूप दिवस पडून राहिलेल्या इंजिनाला आधी बोअरस्कोप (भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा) लावा. पोर्ट उघडे राहिले असतील तर लायनरवर गंजाचे डाग पडतात, आणि ते दिसत असताना कमी किलोमीटरच्या गप्पांना काही अर्थ नाही. तसंही सुट्या इंजिनाचे किलोमीटर कोणी सिद्ध करू शकत नाही. मीटर गाडीत राहिलं, गाडी भंगारात गेली.

टॅपेट क्लिअरन्सही (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) मोजाच. इनटेकला ०.२१ ते ०.२५ मिमी असते, एक्झॉस्टला थोडी जास्त, आणि माप थंड इंजिनावर घ्यायचं. एखाद्याच व्हॉल्व्हची क्लिअरन्स बाकीच्यांपेक्षा खूप वेगळी आली तर तिसऱ्याऐवजी चुकून पहिल्यात टाकलेला गिअर आठवावा. अशा ओव्हररेव्हमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो आणि केसभर वाकतो. आरपीएम मर्यादेत ठेवणारा लिमिटर इंधन तोडतो, पण चाकांकडून फिरणाऱ्या क्रँकला तो अडवू शकत नाही.

टायमिंग चेन सहसा खूप टिकते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पुढच्या कव्हरवर टेन्शनर बघायला छोटं झाकण आहे. रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर आला असेल तर चेन ताणली गेली आहे. चालू इंजिनात ताणलेली चेन बहुधा ईसीयूत पी०३४१ हा बिघाडाचा कोड देते. पहिल्या स्टार्टला सेकंदभर खडखडाट आला तर व्हीटीसीचा (इनटेक कॅमचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) गिअर संशयित.

आता रोजच्या वापराचं. इथे के२०एची जितकी वाहवा होते तितकी होऊ नये. आकडे बघा: २२० पीएस ८००० आरपीएमला, २०६ न्यूटन मीटर ७००० आरपीएमला. सिग्नल ते सिग्नल गाडी बहुतेक वेळ २००० ते ३५०० आरपीएममध्ये असते, आणि तिथे हे इंजिन शांत, समजूतदार पण साधंच आहे. टाइप आरच्या सहा गिअरच्या बॉक्सला ४.७६४ चा फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर गुणोत्तर) आहे. सहाव्या गिअरमध्येही १०० किमी वेगाला सुमारे ३००० आरपीएम पडतात, म्हणजे हायवेवर आवाज आणि पेट्रोल दोन्ही. ११.५:१ कॉम्प्रेशनला ९८ ते १०० रॉनचं (ऑक्टेनचं माप) पेट्रोल हवं. कमी ऑक्टेन भरलं तर नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, पण ज्या ताकदीसाठी जास्त पैसे मोजले तीच जाते. रोज ९५चंच पेट्रोल मिळणार असेल तर ११.०:१ चं के२०ए२ किंवा के२०झेड३ घेणं शहाणपणाचं. दोन्ही २०० अश्वशक्तीच्या आसपासची. झेड३च्या गिअरबॉक्समध्ये एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरेन्शियल) येतो, मात्र त्या बॉक्समधला तिसरा गिअर सुटून बाहेर येण्याची तक्रार जुनी आहे. तो गिअर ओढाखाली आणि अचानक पाय काढून, दोन्ही तऱ्हेने तपासा.

रोजच्या गाडीसाठी सरळ शिफारस के२४ए२ची. अकुरा टीएसएक्समधलं, २३५४ सीसी, १०.५:१. २०० अश्वशक्ती देतं, पण २२५ न्यूटन मीटर टॉर्क ४५०० आरपीएमलाच हातात येतो. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९९ मिमी असल्यामुळे ते के२०एसारखं ८४००ला ओढू नये. ८६ मिमीच्या स्ट्रोकला त्या आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर होतो, ९९ला तोच २७.७. म्हणूनच त्याची रेड लाइन ७१०० आहे. बसवताना दोन गोष्टी बघा. ब्लॉकची डेक उंची २३१.५ मिमी आहे, के२०ची २१२. हेड आणि एक्झॉस्ट सुमारे २० मिमी वर जातात, बॉनेटखालची जागा आधी मोजा. दुसरं, याचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. डीसी५ टाइप आर आणि के२०ए२ला केबल आहे. म्हणजे पेडल, वायरिंग आणि ईसीयू एकाच घराण्यातले लागतात.

भाव ठरतो तो इथेच. सुटं इंजिन स्वस्त दिसतं, पण ईसीयू, त्याच्याशी जुळणारी इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चावी, वायरिंग हार्नेस, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, मधला शाफ्ट, गिअर लिव्हर आणि केबल वेगवेगळे गोळा करायला गेलं की बेरीज पूर्ण सेटच्या पुढे जाते. चावीशिवाय मूळ ईसीयू म्हणजे पेपरवेट; मग के-प्रोसारखा प्रोग्राम करता येणारा ईसीयू घ्यावाच लागतो. टाइप आरच्या बॉक्समधला हेलिकल एलएसडी वेगळा विकला जातो, म्हणून बॉक्स उघडलेला आहे का, सील नवे आहेत का, ते बघा. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवताना नोंदणीच्या नियमांची खातरजमा पैसे देण्याआधी करा. नंतर केली तर इंजिन गाडीत आणि गाडी अंगणात.

इंजिन बाहेर आहे तोवर पुढचं-मागचं क्रँक सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट, व्हीटेक सोलेनॉइडचं गास्केट, हेड कव्हरचं गास्केट आणि प्लगच्या नळ्यांचे सील बदलून घ्या. क्लच प्लेटसोबत रिलीज बेअरिंगही. मागचं सील बसवायचं राहिलं आणि नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो. इंजिनाचे माउंट ६० ते ७० ड्युरोमीटरचे (रबराच्या कडकपणाचं माप) ठेवा. ८८चे माउंट ट्रॅकसाठी आहेत, आयडलला डॅशबोर्डसकट सगळी गाडी थरथरते.

पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदला, जुना फिल्टर कापून घड्या उघडून बघा, आणि व्हीटेकची जाळी आणखी एकदा काढून तपासा. त्यानंतर दर १००० किलोमीटरला डिपस्टिक बघायची. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त तेल उडत असेल तर रेड लाइनला हात लावण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) बदला आणि पुन्हा मोजा.