'डिड ही वेंट'चं दुखणं आणि लाल कार्ड : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून धायरीतल्या माझ्या संध्याकाळच्या क्लासमध्ये मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांना मी इंग्रजी वाक्यरचना भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींच्या ट्रान्सफॉर्मेशनच्या नियमांनी, म्हणजे एका वाक्याचे घटक हलवून दुसरं वाक्य करण्याच्या नियमांनी, शिकवते आहे. त्याआधी अनेक वर्षं 'डिडनंतर क्रियापदाचं पहिलं रूप' एवढंच घोकून घेत होते. मुलं पेपरात बरोबर लिहायची आणि बोलताना पुन्हा 'डिड ही वेंट?'

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत चॉम्स्कींचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' मिळालं. १९५७ सालचं, छोटेखानी पुस्तक. पहिल्या वाचनात सूत्रांनी दमवलं, पण सहायक क्रियापदांच्या एका सूत्राशी मी थांबले. त्यात काळ हा क्रियापदापासून सुटा मांडलाय. तो आधी येतो आणि मग लगतच्या क्रियापदाला जाऊन चिकटतो. मला हवं होतं ते इथे सापडलं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूची कार्डं कापली. काळाचं कार्ड लाल. ही, लाल, गो अशी ओळ मांडायची. लाल कार्ड 'गो'ला चिकटलं की 'वेंट'. प्रश्न करायचा तर लाल कार्ड उचलून 'ही'च्या आधी ठेवायचं. आता लाल आणि 'गो'च्या मध्ये 'ही' आला, लाल कार्ड पोचणार कसं? नुसत्या काळाचा उच्चार करता येत नाही, म्हणून त्याला टेकू द्यायला 'डू' येतं आणि त्याचं 'डिड' होतं. 'गो' तसंच राहतं. मध्ये 'नॉट' आलं तरी हेच. 'हू केम?'मध्ये मात्र 'हू' स्वतःच कर्ता, मध्ये कोणी येत नाही, म्हणून 'डिड' लागत नाही. तीन वेगळे नियम पाठ करायचो, ते एकाच गोष्टीतून निघाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मुलीनं शेजारणीच्या वहीवर बोट ठेवलं, "अगं, तुझं लाल कार्ड 'डिड'मध्ये संपलं की! मग 'वेंट' कुठून आणलंस?" त्या दिवशी मला फार आनंद झाला.

मराठीशी तुलनाही सोपी झाली. 'तू काय खाल्लंस?'मध्ये 'काय' हे 'पोळी'च्याच जागी बसतं. इंग्रजीत 'व्हॉट' उठून वाक्याच्या तोंडाशी जातं. कार्ड हातानं हलवल्यावर 'यू एट व्हॉट?' बरंच कमी झालं. पॅसिव्हमध्ये 'बी' आणि 'एन' (क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाचा प्रत्यय) ही कार्डं जोडीनं येतात, 'एन' पुढच्या क्रियापदाला चिकटतं. त्यामुळे 'वॉज रोट'चं 'वॉज रिटन' झालं.

एक दुखणं मात्र वाढलं. 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' आता जास्त ऐकू येतं. प्रश्नाचा शब्द दिसला की मुलं लाल कार्ड उचलतातच. पोटवाक्यात 'व्हेअर' पुढे जातो, पण काळ जागचा हलत नाही, हे आधीच ठासून सांगायला हवं होतं. ती चूक माझी. जानेवारीचे दोन आठवडे त्यातच गेले. आर्टिकल आणि प्रिपोझिशनसाठी या पद्धतीचा काही उपयोग नाही.

भाषाशास्त्रवाले म्हणतील, हे नियम जुने झाले. खरंय. १९६५ मध्ये चॉम्स्कींनीच मांडणी बदलली आणि पुढे सुट्या सुट्या नियमांच्या जागी हलवण्याचा एकच सर्वसाधारण नियम आणला. पण आठवीतल्या मुलाला हातात धरता येतो तो जुना नियमच.

सातवीच्या खाली मी हे देणार नाही. गो-वेंट, राइट-रोट-रिटन तोंडात बसलेलं नसेल, तर लाल कार्ड चिकटल्यावर काय म्हणायचं हेच मुलाला कळत नाही.