पत्र्याचा 18 इंची कूलर: सोलापुरात वीज नव्हे, पाणी मोजा

मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की सोलापुरात एसीच्या दुकानांत गर्दी होते. त्याआधी हा साधा माल पारखून बघावा: पत्र्याची पेटी, 18 इंची पंखा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या. इथली दुपार कोरडी असते. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या जाळीतून येणारा वारा 28 अंशांच्या आसपास उतरतो. पंखा आणि पंप मिळून 200 ते 250 वॅट खातात. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजार वॅटच्या घरात जातो.

‘कूलर गार करत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी तो कुठे ठेवलाय ते बघा. बहुधा खोलीच्या आत, कोपऱ्यात. तिथे तो स्वतःचीच दमट हवा परत ओढतो आणि तासाभरात अंग चिकचिकतं. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर हवा, जाळ्यांवर थेट ऊन नको आणि समोरचं दार किंवा खिडकी हातभर उघडी हवी. एसीची सवय झालेल्यांचा हात नेमका दार लावायला जातो.

खरा खर्च पाण्याचा. तासाला 10 ते 15 लिटर, भर दुपारी त्याहून जास्त. म्हणजे दहा तासांना शंभर-दीडशे लिटर, तेही नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार साचून गवत दगडासारखं होतं आणि पंपाची चकती अडकते. तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, नुसतं वरून पाणी ओतत राहू नका. आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली की डासांच्या अळ्याही राहत नाहीत. गवत दर हंगामाला बदलावं. वाळ्याचा वास छान, पण वाळा लवकर दबतो आणि वारा अडवतो. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी, महाग पडतो, टिकतो जास्त, मात्र क्षारांपुढे तोही हात टेकतो.

पंखा मंदावला तर मोटार बदलायची घाई नको. आधी कपॅसिटर (मोटारीला जोडलेला छोटा डबीसारखा भाग) बघा, नवा जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच बसवा. पाणी संपल्यावर पंप कोरडा चालला की जळतो. टाकीच्या तळाला आतून डांबर लावून घ्या, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात गळती ठरलेली.

जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. त्या दिवसांत, किंवा समोरासमोर खिडक्या नसलेल्या खोलीत, एसीच हवा. तोही 26 वर ठेवून छताचा पंखा लावला तर पुरतो.

आणि अर्थिंग. पेटी लोखंडाची, आत पाणी. तीन पिनांचा प्लग आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हा कूलर घेऊच नका. पाणी भरतानाही आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.